दहा हजारांत घरी ऑफिस मांडायचंय. आधी पैसे कशावर घालू?

नंदगडची सून

नमस्कार मंडळी. माझं काम अकाउंट्सचं. पुण्यातल्या एका फर्मसाठी जीएसटीची रिटर्न्स आणि बिलांच्या नोंदी करते. लग्न होऊन बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडजवळच्या एका गावात आले तेव्हा फर्मने सांगितलं, काम सोडू नका, घरून करा. लॅपटॉप त्यांचा, बाकी सगळं माझं मी बघायचं. सध्या माजघरातल्या पलंगावर भिंतीला टेकून बसते आणि लॅपटॉप उशीवर ठेवते. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३-बी ही रिटर्न्स भरायची मुदत, त्यामुळे त्याआधीच्या दिवसांत रात्रीपर्यंत मान वर काढता येत नाही. आता मान खरोखरच वर होईना म्हणून हा धागा.

सासऱ्यांनी सोप्याच्या टोकाची एक खोली रिकामी करून दिली आहे. पूर्वी तिथे भाताची पोती असायची. आठ फूट बाय सहा फूट. वर कौलं, खाली शहाबादी फरशी, मातीच्या भिंती. उत्तरेला एक छोटी खिडकी, छपरात एक काचेचं कौल, आणि दाराजवळ एकच प्लगपॉइंट. जास्तीत जास्त दहा हजार घालू शकते. त्यातलेही थोडे उरले तर बरंच.

ऑनलाइन साडेचार हजारांना एक टेबल दिसतंय, मध्ये ड्रॉवर, बाजूला कप्पे, फोटोत छान आहे. सासरे म्हणतात जुन्या घराचं सागवानी दार माळ्यावर पडलंय, तेच दोन स्टुलांवर टाक, पैसे कशाला घालवतेस? नवऱ्याचं म्हणणं, प्लास्टिकची खुर्ची आहे की घरात. आणि मी चौरंगावर लॅपटॉप ठेवून बघितला तर सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी चौरंग देवघरात परत गेलेला होता.

माझी उंची पाच फूट. सांगा, काय करू?

निपाणीकर

एवढा विचार कशाला? मी घडीचं स्टडी टेबल घेतलं, दीड हजाराला. प्लास्टिकच्या खुर्चीवर उशी. दोन वर्षं चाललंय की. उरलेल्या पैशांत चांगला हेडफोन घ्या आणि मोकळ्या व्हा.

उद्यमबाग मेस्त्री

निपाणीकर, तुमचं चाललंय ते तुम्ही दिवसाला किती तास बसता त्यावर. तासभर बसणाऱ्याला पोत्यावरही चालतं. या ताई रिटर्नच्या आठवड्यात दहा-दहा तास बसणार.

ताई, मी बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं, म्हणजे लोखंड कापून-जोडून वस्तू करायचं काम करतो. टेबलं, रॅक, गेट, फाउंड्रीवाल्यांचे स्टँड, सगळं. टेबल करून घ्यायला येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा रंग सांगतो, मग लांबी सांगतो, आणि उंची विचारली की म्हणतो "घाला की नेहमीची". नेहमीची म्हणजे तीस इंच. ती कुणाची उंची वो? बाजारातली तयार टेबलं एकोणतीस-तीस इंचांचीच येतात आणि ती साधारण पावणेसहा फुटी माणसाला बरी पडतात. पाच फुटी बाईने त्यावर हात ठेवले की खांदे कानाला लागतात. मान धरते ती तिथून. लॅपटॉपला उगाच शिव्या बसतात.

तेव्हा रुपयाही खर्च करायच्या आधी एक टेप घ्या. ज्या चपला घालून काम करणार त्या पायात असू द्या. पाटावर वा स्टुलावर असं बसा की पाय जमिनीला पूर्ण टेकतील आणि मांडी आडवी राहील. गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या. ते तुमच्या खुर्चीच्या बैठकीचं. मग खांदे सैल सोडून कोपर काटकोनात धरा, बैठकीपासून कोपराच्या खालपर्यंतचं माप घ्या. दोन्हींची बेरीज म्हणजे टेबलाच्या वरच्या पाटाची उंची. पाच फुटाला हे साधारण चोवीस-पंचवीस इंचांत येतं. तीस आणि पंचवीस, पाच इंचांचा फरक. तो रोज खांद्यांनी भरून काढायचा म्हणजे काय होणार ते तुम्हाला कळलंच आहे.

आता तुमच्या त्या ऑनलाइन टेबलाचं. मधला ड्रॉवर बघून घ्यायचं मन होतं, मला माहीत आहे. पण ड्रॉवर चार-पाच इंच जागा खातो आणि ती जागा मांडीची असते. टेबल खाली आणायचं म्हटलं की ड्रॉवर पहिला आडवा येतो. शिवाय साडेचार हजारांत जे मिळतं ते बहुतेक पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी. बेळगावात ठीक. तुमच्याकडे खानापूर तालुक्यातल्या पावसात एकदा कडेने पाणी पिलं की फुगतं, आणि फुगलेलं परत बसत नाही. स्क्रूसुद्धा एकदा निघाला की पुन्हा धरत नाही.

मी काय करेन ते सांगतो. एक इंची चौकोनी एमएस, म्हणजे साधा लोखंडी पाइप, जाडी सोळा गेज. पाइप वीस फुटी लांबीत येतो. चार बाय दोनच्या टेबलाला पाय, वरची चौकट, मधला एक आडवा, खाली दोन्ही बाजूंना आणि मागे एक पट्टी असं सगळं धरून तीसेक फूट लागतो, म्हणजे दीड लांबी. वजन अकरा किलोच्या आसपास. आमच्याकडे मजुरीसकट किलोवर दर असतो. रेड ऑक्साइड आणि काळा रंग धरून दीड हजारात फ्रेम व्हायला हवी. कुणी अडीच हजार मागितले तर वजनकाट्यावर ठेवायला सांगा.

खालची पुढची पट्टी घालू देऊ नका. वेल्डर सवयीने चारी बाजूंनी पट्ट्या मारतो, मजबुतीसाठी म्हणून. ती पुढची पट्टी रोज नडगीवर लागते. मजबुती मागच्या पट्टीने येते, पुढच्या पट्टीचा उपयोग शून्य.

वरच्या पाटाला प्लाय. पूर्ण शीट आठ बाय चारची असते, तुम्हाला त्यातला चौथा हिस्सा हवा. अख्खी घेऊ नका. दुकानात कटपीस विचारा, किचनचं फर्निचर करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे असतात. अठरा किंवा एकोणीस एमएम जाडी. शिक्का बघा: आयएस ३०३ म्हणजे साधा प्लाय, त्यातही बीडब्ल्यूआर लिहिलं असेल तर ओलीला टिकतो. आयएस ७१० म्हणजे मरीन. तो तुम्हाला लागत नाही, टेबल काही मलप्रभा नदीत सोडायचं नाही. वर मायका, आणि कडा चारी बाजूंनी बंद, खालची बाजू पण प्रायमर मारून. लोक वरून सजवतात आणि खालून उघडं ठेवतात, ओल खालूनच चढते.

सासऱ्यांच्या दाराबद्दल: सागवान आहे, मान राखा. पण दार दिल्याचं, म्हणजे चौकटीत वेगळ्या फळ्या बसवलेलं असेल तर ते दिले खोलगट असतात. कागद ठेवून लिहिलं की पेन आत जातं, माउस अडखळतो. वर काच टाकली तर काचेचेच बरेच पैसे होतात. सपाट फळ्यांचं दार असेल तर गोष्ट वेगळी, मग फोटो टाका.

टिळकवाडीची ताई

मेस्त्री, टेबलावर एवढं लिहिलंत, खुर्चीवर एक ओळ नाही! माझा उलटा हिशेब आहे. मी बरीच वर्षं घरून भाषांतराची टाइपिंगची कामं करते, आणि मला विचारशील तर दहातले तीन हजार आधी खुर्चीला बाजूला काढ. टेबल वाईट असलं तर हात दुखतो, खुर्ची वाईट असली तर कंबर, आणि कंबर काही बदलून मिळत नाही.

नवी खुर्ची तीन हजारांत घेऊ नकोस. त्या किमतीत दिसायला ऑफिसची आणि आतून पत्र्याची मिळते. जुनी घे. बेळगावात कोचिंग क्लासेस, छोटी ऑफिसं बंद होतात, जागा बदलतात, त्यांच्या खुर्च्या भंगारवाल्यांकडे आणि जुन्या फर्निचरवाल्यांकडे येतात. मूळची आठ-दहा हजारांची खुर्ची दोन-अडीच हजारांना मिळते. बघताना रंग बघू नकोस, हे बघ:

बस, वर कर, आणि तिथेच बसून दुकानदाराशी पाच मिनिटं गप्पा मार. हळूहळू खाली उतरली तर गॅसचा सिलिंडर गेलाय. तो बदलता येतो, सहा-सातशेला मिळतो, पण तेवढे किमतीतून कमी करायला लाव. मग उलटी करून खालचा पाच पायांचा भाग बघ, प्लास्टिकचा असेल तर मध्यावर बारीक चीर आहे का. चीर असेल तर उठ आणि निघ, फुकट दिली तरी नको.

दुसरं, तू बुटकी आहेस (मीपण, राग मानू नकोस). साहेबलोकांची मोठी उंच पाठीची खुर्ची बघून भुलू नकोस. तिची बैठक खोल असते. पाठ टेकली की पाय लोंबकळतात आणि पाय टेकवले की पाठ सुटते. पाठ नीट टेकून बसलीस की बैठकीची कडा आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं जायला हवीत. क्लासमधली साधी जाळीची खुर्ची तुला जास्त बरी.

आणि हात. टेबल पंचवीस इंचांवर आणलंस तर बहुतेक खुर्च्यांचे हात टेबलाच्या कडेला आपटणार, खुर्ची आत जाणार नाही, मग तू पुढे वाकून बसणार, म्हणजे पुन्हा तेच. हात बैठकीच्या खालून दोन-तीन बोल्टांनी लावलेले असतात. एलन कीने काढून टाक. पाच मिनिटांचं काम आहे.

बाकी: लॅपटॉपच्या कीबोर्डवर टाइप करायचं नाही. वेगळा कीबोर्ड-माउस घे, सात-आठशेत जोडी येते. आकड्यांचं काम आहे तर उजवीकडे नंबरपॅड असलेलाच घे, एवढी एक चैन कर. लॅपटॉप सहा-सात इंच उचलायचा, पडद्याची वरची कडा डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. सासूबाईंना चौरंग परत मागू नकोस. परड्यात दोन विटा असतील, त्या वर्तमानपत्रात गुंडाळ, तेवढ्यानं काम होतं.

जांबोटी साइड

आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीचा पाऊस, त्यामुळे टेबलाखुर्चीपेक्षा वेगळ्या गोष्टी सांगतो. या मंडळींनी टेबल दिलं, पण करंटचं कुणी बोललं नाही.

जुन्या घरात दाराजवळ एकच प्लगपॉइंट म्हटल्यावर मला शंका आहे की त्याला अर्थिंग नसणार. तीन भोकं दिसतात म्हणून तिसऱ्यात काही जोडलेलं असतंच असं नाही. लॅपटॉप चार्जिंगला असताना बॉडीवर हात फिरवला की मुंग्या येतात का? येत असतील तर बहुतेक उत्तर मिळालं. इलेक्ट्रिशियनला बोलवा, तो टेस्ट लॅम्प आधी फेज-न्यूट्रलमध्ये आणि मग फेज-अर्थमध्ये लावून बघेल. दुसऱ्या वेळी बल्ब मंद लागला किंवा लागलाच नाही तर परड्यात खड्डा काढून नवीन अर्थिंग घाला, कोळसा आणि मीठ घालून. मे महिन्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत राहायचं, जांभ्याची जमीन तापून कोरडी झाली की अर्थिंग काम करत नाही. काही जण खड्ड्याचा खर्च वाचवायला अर्थच्या भोकाला न्यूट्रलची वायर मारून देतात. तसं करून देणाऱ्याला घरात घेऊ नका. न्यूट्रल कुठे तुटली तर लॅपटॉपच्या बॉडीवर सगळा करंट येतो. जमलं तर मेनला आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पण बसवून घ्या, ३० मिलिअँपिअरचा.

हा खर्च ऑफिसच्या दहा हजारांत धरू नका. हा घराचा आहे, सासऱ्यांना सांगा.

विजा कडकडायला लागल्या की प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही. वळवाच्या पावसात, एप्रिल-मेच्या संध्याकाळी, जास्त सांभाळायचं.

ओलीसाठी: टेबल बाहेरच्या मातीच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं सोडा. पाइपच्या पायांना खालून रबरी बूच हवेतच, नाहीतर शहाबादीच्या ओलीनं पाय आतून गंजतात आणि फरशीवर गोल तांबडे डाग पडतात, ते निघत नाहीत. फायली जमिनीवर नकोत. लॅपटॉप रात्री कपाटात, पण बंद बॅगेत नको.

लाइट जाते त्यावर: इन्व्हर्टर घेऊ नका, त्यातच दहा हजार संपतील. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. बंद पडतो तो राउटर. त्याच्यासाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, मिळतो, बारा-पंधराशेपर्यंत. घ्यायच्या आधी राउटरच्या अडॅप्टरवर बघा, १२ व्होल्ट लिहिलंय की ९. चुकीचा लावलात तर राउटर जाऊ शकतो.

नंदगडची सून

बाप रे. मी टेबलाचा रंग विचारायच्या विचारात होते.

मापं घेतली. गुडघ्याखालून साडेपंधरा, कोपर नऊ. एकूण साडेचोवीस. मेस्त्रीकाका, तुम्ही न बघता सांगितलंत तेवढंच आलं.

मुंग्या येतात. रोज येतात. मला वाटायचं लॅपटॉपच तसा आहे. नवऱ्याला दाखवलं तर त्यांनी हात लावला आणि म्हणाले "काही नाही", पण त्यांच्या पायात रबरी चप्पल होती. सासऱ्यांनी मात्र ऐकून लगेच वायरमनला फोन लावला.

दार माळ्यावरून काढून बघितलं. दिल्याचंच आहे, सहा दिले, पितळी कड्या अजून आहेत. टेबल नाही होणार. सासऱ्यांना ते सांगायचं कसं हा प्रश्न होता, पण तेच म्हणाले, "दे सोडून, कधीतरी दारालाच लावू."

आता अडचणी. एक, नवराही ते टेबल वापरणार. उंची पाच फूट नऊ, रात्री तासभर दूध सोसायटीचा हिशेब लिहितात. माझ्या मापाचं केलं तर ते म्हणतात गुडघे आपटतील. दोन, खोलीत टेबल कुठं लावू? काचेच्या कौलातून दुपारी बाराच्या सुमाराला उन्हाचा चौकोन बरोबर मध्ये पडतो. तीन, गृहज्योतीमुळे (कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना) सध्या वीजबिल शून्य येतं. दिवसभर लॅपटॉप, पंखा, राउटर चालला तर बिल सुरू होईल का, हे सासूबाई विचारताहेत. म्हणजे थेट नाही, पण पंखा लावला की त्या खोलीत डोकावून जातात.

टिळकवाडीची ताई

पहिल्याचं उत्तर मी देते. त्यांना तासभर, तुला आठ तास. अकाउंटंट तू आहेस, भागाकार तूच कर.

उद्यमबाग मेस्त्री

ताईंनी बरोबर सांगितलं, पण भांडण नको म्हणून एक सोय आहे. पायांच्या खालच्या तोंडाला नट वेल्ड करून त्यात रबरी बुडाचा बोल्ट घालतात, लेव्हलिंग बोल्ट म्हणतात. त्यानं इंचभर वर-खाली होतं. मी फ्रेम अशी करेन की बोल्ट पूर्ण आत असताना वरचा पाट साडेचोवीसवर. शहाबादी फरशी कधीच सपाट नसते, तिथेही हे बोल्ट कामाला येतात.

गुडघ्यांचं मात्र तुमचे साहेब उगाच बोलतात. पाट पाऊण इंच, पाइप एक इंच, म्हणजे पावणेदोन. साडेचोवीसातून ते वजा केले की खाली पावणेतेवीस मोकळे. उंच माणसाचा गुडघा बसल्यावर एकवीस-बावीसला असतो. आपटणार नाही, घासूनही जाणार नाही. ड्रॉवर घातला असता तर आपटला असता. तासभर वहीत लिहायला हे टेबल त्यांना थोडं खाली वाटेल, पण आपले आजोबा ढाळजेत बसून मांडीवर खतावण्या लिहायचे की.

एक गोष्ट राहिली. फ्रेम वेल्ड करून अखंड घेऊ नका, बसमध्ये घेणार नाहीत आणि टेम्पोला वेगळे पैसे द्यावे लागतील. दोन बाजूंच्या चौकटी वेगळ्या आणि मधल्या लांब पट्ट्या नटबोल्टवर. सगळं एका गठ्ठ्यात बांधून खानापूरपर्यंत येतं. बोल्टांना स्प्रिंग वॉशर घालायला सांगा, नाहीतर टाइप करताना टेबल हलायला लागेल.

जांबोटी साइड

बिलाचा हिशेब देतो, सासूबाईंना वाचून दाखवा.

लॅपटॉप धरा ५० वॉट. आठ तास, महिन्याचे २६ दिवस: साधारण १० युनिट. राउटर १० वॉटचा पण चोवीस तास: ७ युनिट. एलईडी ट्यूब २० वॉटची, चार तास: २ युनिट. आणि पंखा, जुना असेल तर ७०-७५ वॉट, आठ तास: १५ युनिट. म्हणजे तुमच्या ऑफिसातला सगळ्यात मोठा खाणारा पंखा आहे. लॅपटॉपला कुणी बोलू नये. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॉटवर चालतो, पण आता घेऊ नका, आधी एक उन्हाळा बघा. कौलारू घरात ऑगस्टला पंखा लागतोच कुठं?

एकूण पस्तीसच्या आत. आता गृहज्योती: ती सरसकट २०० युनिट फुकट नाही. तुमच्या मीटरच्या जुन्या सरासरीवर थोडी वाढ धरून तुमचा आकडा ठरलेला असतो, तो हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) बिलावर छापलेला असतो. त्या आकड्याच्या वर जितके युनिट जातील तितक्यांचेच पैसे येतात. २०० ओलांडले तर मात्र पूर्ण बिल. खेड्यातलं घर, फ्रिज धरूनसुद्धा, पस्तीस वाढल्यानं २०० ला पोचणं कठीण. थोडं बिल येईल. ते तुम्ही तुमच्या पगारातून भरता म्हणून सांगून टाका, डोकावणं बंद होईल.

टिळकवाडीची ताई

किंवा सुरू राहील. सासूबाई आहेत, मीटर रीडर नाहीत.

टेबलाची जागा: खिडकी उत्तरेला आहे ना, मग तू पूर्वेला तोंड करून बस, खिडकी डाव्या हाताला येईल. उत्तरेचा उजेड दिवसभर बराचसा सारखा असतो, ऊन फारसं आत येत नाही, आणि उजव्या हातानं लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. खिडकीला पाठ करून बसू नकोस. मीटिंगमध्ये चेहरा काळा दिसतो आणि पडद्यावर चकाकी येते. खिडकीकडे तोंडही नको, डोळे दिपतात.

काचेचं कौल काढायला लावू नकोस, ते बंद झालं की खोली पोत्यांचीच होईल. कौलाच्या खाली, वाशांना चार खिळे मारून, जुन्या पांढऱ्या धोतराचा एकपदरी तुकडा ताणून बांध. उन्हाचा चौकोन जातो आणि उजेड सगळीकडे मऊ पसरतो. दोन-तीन महिन्यांनी धुवायला काढायचा, कौलातून काय काय पडतं ते तेव्हा कळेल.

आवाजाचंही बघ. पावसात कौलांवर आवाज होतो, पत्र्याइतका नाही तरी होतो, शिवाय रिकाम्या खोलीत घुमतं. हेडसेट घेताना तोंडाजवळ काडीसारखा माइक येतो तो घे, हजाराच्या आत मिळतो. लॅपटॉपच्या माइकवर समोरच्याला पाऊसच ऐकू जातो. आणि घरात घोंगडी असेल तर तुझ्या समोरच्या भिंतीला टांग. मातीची भिंत दिसत नाही, घुमणं कमी होतं. फक्त आषाढात अधूनमधून काढून चुलीजवळ वाळव, नाहीतर वास येतो.

निपाणीकर

मी एवढंच विचारतो, माझं घडीचं टेबल मोजलं, अठ्ठावीस निघालं. माझी उंची पाच फूट चार. आता याचे पाय कापता येतात का?

उद्यमबाग मेस्त्री

घडीच्या टेबलाचे पाय कापू नका, कैची बसते ती जागा चुकते आणि टेबल एका बाजूला झुकतं. त्यापेक्षा खुर्चीवरची उशी जाड करा आणि पायाखाली पाट घ्या. जेवायचा पाट, दोन-अडीच इंचांचा. तेवढं पुरतं.

नंदगडची सून

अपडेट देते. वायरमन येऊन गेला, अर्थिंग नव्हतंच, तिसऱ्या भोकात वायर तोडून नुसती खोचलेली होती. परड्यात माडाजवळ खड्डा काढलाय. सासऱ्यांनी खर्च दिला.

बेळगावला जाऊन खुर्ची आणली. निळी जाळीची, तेवीसशेला. दुकानात बसून गप्पा मारल्या, एकीचा सिलिंडर खरंच हळूहळू बसत गेला, ती सोडली. दुसरी घेतली. हात काढले.

हिशेब असा: खुर्ची २,३००, फ्रेम १,५०० (वजन केलं, सव्वाअकरा किलो भरली), प्लायचा कटपीस, मायका आणि कडा मिळून १,२५०, कीबोर्ड-माउस ७५०, हेडसेट ९००, राउटरचा यूपीएस १,४००, ट्यूब आणि वायरिंगचं सामान ६००. एकूण ८,७००. तेराशे शिल्लक. विटा घरच्याच. सासूबाईंनी त्यांना वर्तमानपत्राऐवजी जुन्या इरकलीचा तुकडा शिवून दिला, म्हणाल्या, "उघड्या विटा बऱ्या दिसत नाहीत."

मेस्त्रीकाका, एक शेवटचं. पाट फ्रेमवर बसवताना स्क्रू वरून मारायचे की खालून? आमचा सुतार म्हणतोय वरून, मग मायक्यात भोकं दिसतील.

उद्यमबाग मेस्त्री

खालून. चौकटीच्या पाइपला आरपार भोकं पाडून घ्या, खालून पावणेदोन इंची स्क्रू. पाइप एक इंच जातो, म्हणजे प्लायमध्ये पाऊण इंच राहतो. तुमचा प्लाय एकोणीस एमएमचा, तोही पाऊणच इंच, म्हणजे स्क्रू वर डोकावेल. तेव्हा दीड इंची घ्या. आणि सुताराला सांगा, आधी बारीक भोक पाडून मग स्क्रू, हातोडीनं ठोकायचा नाही.